बदलीचे गाव आणि मुलांची सायंकाळ
(कर्मचारी पालकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)

बदलीचा हुकूम हाती पडला, की घरातील कर्त्या माणसांची धावपळ सुरू होते. भाड्याचे घर, सामानाची बांधाबांध, गॅसची जोडणी, बँकेचे खाते, शाळेचा दाखला. या लांबलचक यादीत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव एकदाच येते, ते दाखल्यापाशी. शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे मुलाची सोय लागली, असे समजून आईवडील पुढच्या कामाला लागतात. मुलाची अडचण मात्र शाळा सुटल्यावर सुरू होते. सायंकाळी पाच ते आठ हे तीन तास जुन्या गावी कधी संपत, ते कळतही नसे. नव्या गावी ते संपता संपत नाहीत.

सहा-सात वर्षांचे मूल जिन्यात भेटलेल्या पहिल्या मुलाशी खेळू लागते. मोठ्यांना कचेरी असते आणि कचेरीत सहकारी असतात. मधल्या वयाच्या मुलाजवळ यांपैकी काहीच नसते. शिवाय जुन्या गावी त्याला स्थान होते. गल्लीच्या संघात तो यष्टिरक्षक होता, गणेशोत्सवात पडदा ओढण्याचे काम त्याचे होते. नव्या गावातील मैदानाच्या कडेला उभे राहून ‘मला खेळायला घ्या’ असे म्हणणे या वयात फार जड जाते. बरेच जण ते म्हणतच नाहीत. घरी परततात आणि अभ्यास असल्याचे सांगतात. आईवडिलांना या अभ्यासूपणाचे कौतुक वाटते, हे आणखी वाईट.

सोलापूरहून पणजीलगतच्या ताळगावात राहावयास आलेल्या एका कुटुंबाचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. वडील बँकेत, बदली पावसाळ्याच्या तोंडावर झालेली. ‘गोव्यात करमणुकीला काय तोटा?’ असे सोलापूरचे नातेवाईक म्हणाले आणि प्रारंभी घरच्यांनाही तसेच वाटले. पहिल्या रविवारी मिरामार, दुसऱ्या रविवारी जुने गोवे, तिसऱ्या रविवारी मंगेशी आणि म्हार्दोळ. चौथ्या रविवारी मुलगा म्हणाला, ‘तुम्ही जाऊन या.’ समुद्र दारात असूनही उपयोगाचा नव्हता, कारण जून ते सप्टेंबर या महिन्यांत तो खवळलेला असतो आणि जीवरक्षक कोणास पाण्यात उतरू देत नाहीत. स्थळदर्शन ही पाहुण्यांची करमणूक आहे. राहणाऱ्या मुलाला हवी असते ती चालत जाता येईल अशी जागा, ठरलेली वेळ आणि एखादे दिवशी तो आला नाही तर ‘काल का आला नाहीस?’ असे विचारणारे कोणीतरी.

या तीन गोष्टी कोठे एकत्र मिळतात, हे शोधण्याचे काम पालकांनी मुलाच्या वतीने पुरे करून टाकू नये. पण दिशा दाखवावी. पणजीत पाटो येथे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. या संस्थेची स्थापना १८३२ सालची. कदंब बसस्थानकापासून ते जवळ आहे, आणि मुलांसाठी तेथे स्वतंत्र विभाग आहे. नव्या गावी आलेल्या बुजऱ्या मुलाला ग्रंथालय आरंभी मानवते, कारण तेथे कोणाशी न बोलता बसून राहिले तरी कोणी वावगे मानत नाही. मात्र ही सोय पहिल्या महिन्यापुरती. न बोलण्याची सोय फार दिवस चालली, तर तिचीच सवय होते.

मोबाइल दूरध्वनीचा प्रश्न येथेच निघतो. सोलापूरच्या मित्रांशी तासन्‌तास चाललेले संभाषण वडिलांना खटके आणि तो काढून घ्यावा असे त्यांच्या मनात येई. आईने तसे होऊ दिले नाही, हे योग्यच झाले. ज्याच्याजवळ दुसरा कोणी नाही, त्याच्याकडून जुना मित्र काढून घेण्यात शहाणपण नाही. नव्या ओळखी झाल्या, की तो बोलण्याचा वेळ आपोआप आटतो.

खेळाच्या बाबतीतही पालक एक चूक हमखास करतात. मुलगा जुन्या गावी जो खेळ खेळत होता, तोच नव्या गावी शोधू लागतात. सोलापूरच्या गल्लीत क्रिकेट, तेव्हा ताळगावातही क्रिकेटचा वर्ग पाहिजे. मग महागडी बॅट, गणवेश, वर्गणी. परंतु गोव्याचे मन फुटबॉलमध्ये आहे. भर पावसात चिखल तुडवीत मुले खेळतात आणि भाताची कापणी आटोपली, की मोकळ्या शेतात दोन बांबू रोवून गोल उभे राहतात. भारतीय संघाचे नामवंत गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे ताळगावचेच. त्यांना १९९७ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. यष्टीमागे उभे राहणाऱ्या मुलाला गोलात उभे राहणे जमेल की नाही, हे शेतात उतरल्यावरच कळावयाचे. त्याला क्लबही लागत नाही आणि शुल्कही लागत नाही.

मुलींच्या वाट्याला बदलीच्या गावी याहून कमी येते, हे स्पष्ट बोलले पाहिजे. रस्ते अनोळखी, माणसे अनोळखी, म्हणून मुलीने घरीच थांबावे असे ठरते आणि ते ठरविणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, की जुन्या गावी हीच मुलगी सायकलवर एकटी शिकवणीला जात होती. तिचे वय वाढले, मोकळीक घटली. गोव्यात अशा मुलीला वाटा पुष्कळ आहेत. कला अकादमी ही संस्था १९७० पासून संगीत, नृत्य व नाट्य यांच्या शिक्षणाचे काम करीत आहे. भजनाची परंपरा तर गावोगाव जिवंत असून महिलांची आणि मुलांचीही पथके उभी असतात. ज्याला झांज धरता येते त्याला भजनात बसावयास जागा मिळते. चतुर्थीच्या दिवसांत फुगडीचा फेर धरला जातो, तेव्हा शेजारची बाई नवख्या मुलीचा हात धरून तिला आत ओढतेच. मात्र पहिले दोन-चार दिवस आईने बरोबर जावे, रस्ता पाहावा, तेथील माणसे पाहावीत आणि मग मागे फिरावे. आईला हे मागे फिरणेच कठीण जाते.

सोलापूरच्या त्या मुलाचे पुढे जे झाले, त्याचे श्रेय कोणत्याही संस्थेला देता येणार नाही. दिवाळी जवळ आली तशी वसाहतीच्या कोपऱ्यावर वाड्यावरील मुलांनी नरकासुर करावयास घेतला. नरक चतुर्दशीच्या पहाटे गोव्यात ठिकठिकाणी नरकासुराच्या भव्य प्रतिमा जाळतात आणि त्यांची तयारी कित्येक दिवस आधी सुरू होते. बांबूचा सांगाडा बांधावयाचा, तारा आवळावयाच्या, पेंढा भरावयाचा, पिठाची खळ शिजवून वर्तमानपत्राचे थर चढवावयाचे, मग रंग. या कामाला हात कितीही असले तरी कमीच पडतात, म्हणून तेथे नवख्याची ओळख कोणी विचारीत बसत नाही. मुलगा जिन्याच्या पायरीवर उभा राहून पाहत होता. एकाने त्याच्या हाती खळीची बादली दिली आणि कागद फाडावयास सांगितले. दोन तासांत कोपरापर्यंत चिकटलेला तो घरी निघाला, तेव्हा पाठीमागून कोकणीत प्रश्न आला, ‘फाल्यां येतलो मरे?’ उद्या येशील ना, एवढाच त्याचा अर्थ. तो त्याला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

या प्रकाराला दुसरी बाजू नाही असे नव्हे. ध्वनिक्षेपकांचा गोंगाट हल्ली असह्य होतो, जागरणे होतात, स्पर्धेच्या ईर्ष्येपायी वर्गणी वाढते. आईवडिलांनी दोनच अटी घातल्या. रोज रात्री दहापर्यंत घरी यावयाचे आणि शेवटच्या रात्री वडील येऊन पाहून जातील. वडील गेले ते पहाटेपर्यंत थांबले. नरकासुराचा एक हात वाकडा झाला होता आणि तो आपण बांधला असल्याचे मुलाने त्यांना तीन वेळा सांगितले.

दिवाळीनंतर कापणी झालेल्या शेतात गोल उभे राहिले. मुलाला तेथे त्याच्या नावाने कोणी हाक मारीत नाही. सगळे त्याला ‘सोलापूर’ म्हणतात. सायंकाळी पाच वाजता वसाहतीच्या फाटकापाशी ती हाक येते आणि आई खिडकीतून सांगते, की तो केव्हाच खाली उतरला आहे.