फराळाचा गाळा आणि आपलं चेंबर
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



इतरांनी गणपतीच्या, सहलींच्या आठवणी सांगितल्या. मी पडलो बँकेतला माणूस, त्यातून सोसायटीचा माजी खजिनदार. मला आठवतं ते चेंबर! हसू नका. त्या दिवाळीत खालच्या गाळ्यात फराळाचं तळण रात्रंदिवस चालू होतं, आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या मावशींच्या न्हाणीघरात घाण पाणी उलटं वर आलं. आम्ही सगळे गाळेवाल्यावर तुटून पडलो. त्यात मी पुढे.

प्लंबरने झाकण उघडलं. पाइपात साबणाच्या वडीसारखं घट्ट, पांढरं तूप-तेल साचलेलं. गाळेवाला म्हणाला, "काका, ग्रीस ट्रॅप आहे की! कोटेशन तुम्हीच पास केलंत." खरं होतं. तिन्हींतलं सर्वांत स्वस्त मी निवडलं होतं. दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर पाणी. जेमतेम 42 लिटर.

आता हिशेब बघा. तेल पाण्यावर तरंगतं, पण त्यासाठी पाणी संथ आणि थंड व्हावं लागतं. भांडी घासताना दोन्ही नळ सोडले की मिनिटाला 15 लिटर पाणी. आमच्या पेटीत ते तीन मिनिटंही थांबत नव्हतं. गरम पाण्यातलं पातळ तेल तसंच पुढे जायचं आणि आपल्या पाइपात थिजायचं. अर्धा तास थांबवायचं तर 450 लिटरची जागा हवी, म्हणजे चार फूट बाय दोन फूट, पाणी दोन फूट खोल. शिवाय जुन्या पेटीचं बाहेरचं तोंड वरच्या बाजूला, म्हणजे तवंगच पहिला बाहेर! नव्या टाकीत मध्ये आडभिंत घातली, बाहेरच्या पाइपाला टी लावून त्याचा पाय पाण्यात खोल सोडला. वर तेल, तळाशी गाळ, मधलं पाणी तेवढं जातं. संडासाची लाइन मात्र यात कधीच जोडायची नाही.

आपल्याकडे महापालिकेचं गटार आहे म्हणून एवढ्यावर भागलं. गटार नसेल तिथे या टाकीपुढे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा तरी लागतोच. नोकरीत मी कितीतरी खानावळींची, ढाब्यांची कर्जं मंजूर केली. शेगड्या, फ्रीज, फर्निचर, सगळ्याची बिलं तपासली. सांडपाणी कुठे जाणार, हे एकदाही विचारलं नाही.

टाकी बांधली की झालं, असंही नाही. तवंग आणि गाळ मिळून चौथा हिस्सा, म्हणजे सहा इंच झाले की उपसा करावाच लागतो. कढत पाणी आणि साबण ओतून "मोकळं" केलं, तर तेल फक्त पुढे ढकललं जातं. भांडी आधी कागदाने पुसून खरकटं डब्यात टाकायचं, हे गाळ्यातल्या पोरांना शिकवायला सहा महिने गेले.

मावशींची माफी मागायला मी गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, दर महिन्याला काठी घालून बघणार कोण, ते आधी लिहून द्या." तेव्हापासून वही ठेवली आहे. या महिन्याची सही अजून झालेली नाही; सेक्रेटरीसाहेबांनी जेवणाआधी ती करून घ्यावी.