खाणीविना हिऱ्यांचे शहर



सुरतेतील शाळेच्या हीरक महोत्सवात हिऱ्याचा विषय निघावा, हे स्वाभाविकच आहे. या शहरात हिऱ्याची एकही खाण नाही. कच्चा हिरा आफ्रिकेतून, रशियातून येतो आणि पैलू पडल्यावर बहुतांशी परदेशीच जातो. तरीही जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत. निसर्गाने जे दिले नाही ते या शहराला कशाने मिळाले, हा या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचे उत्तर दिले आहे. एका धंद्यातील माणसे एका ठिकाणी जमली की तीन लाभ होतात. मालकाला कसबी कारागीर आणि कारागिराला दुसरे काम जवळच मिळते. घंटी दुरुस्त करणारा, माल पुरवणारा, दलाली करणारा असे पूरक व्यवसाय भोवती उभे राहतात. शिवाय धंद्यातील खुब्या शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सहज पोचतात. माणसे आहेत म्हणून काम येते आणि काम आहे म्हणून आणखी माणसे येतात. सौराष्ट्रातील तरुण हिऱ्याच्या कारखान्यांत आले. खान्देशातील कुटुंबे तापी खोऱ्याच्या रेल्वेने येऊन कापडधंद्यात रुजली. सुरतेतील मराठी शाळांचे वर्ग याच ओघाने भरले.

या एकवटण्याची किंमतही असते. घरभाडे वाढते, वस्त्या दाटतात, आणि धंदा बसला की सारे शहर एकदम हादरते. २००८ च्या जागतिक मंदीत सुरतेतील हजारो रत्नकलाकारांचे काम गेले. कित्येकांना गावाची वाट धरावी लागली.

मग शासनाने उद्योग सर्वत्र सारखे वाटून द्यावेत काय? अनुभव सावध करणारा आहे. १९५० च्या दशकात पोलाद व सिमेंट देशभर समान वाहतूक खर्चाने मिळावे, असे धोरण आले. मागास भागांत कारखाने निघावेत हा हेतू होता. परंतु खनिजाजवळ असण्याचा बिहार, ओडिशा, बंगाल यांचा लाभ त्यामुळे ओसरला आणि बंदरे व बाजारपेठा ज्यांच्याजवळ होत्या ती राज्ये पुढे गेली. हे धोरण मागे घेण्यास १९९० चे दशक उजाडले.

केवळ इमारत बांधूनही बाजार हलत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेच्या भव्य हिरे बाजाराचे उद्घाटन झाले. तेथे चार हजारांहून अधिक कार्यालयांची सोय आहे. तरी मुंबईतील व्यापार लगेच सुरतेला आला नाही, कारण खरेदीदार, बँका आणि वर्षांचा परस्पर विश्वास अजून मुंबईत होता. मुंबईची पकड जशी सुरतेला जाणवते, तशीच सुरतेची पकड खान्देशाला जाणवते.

प्रादेशिक धोरण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. महाराष्ट्रात वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली जिल्ह्याजिल्ह्यांतील विकासाचा अनुशेष मोजला, तो रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत. ती दिशा महत्त्वाची होती. सवलत संपताच कारखाना निघून जाऊ शकतो. शिकलेली पिढी, पाणी आणि चांगला रस्ता मात्र पुढच्या अनेक उद्योगांना उपयोगी पडतात.

दुसरे असे की, जे मूळ धरून आहे त्याला खतपाणी घालणे हे नवे रोप दुरून आणून लावण्यापेक्षा सोपे असते. जळगावात डाळमिला आहेत, ठिबक सिंचन व प्लास्टिक पाइपांचा उद्योग आहे. नंदुरबारला मिरचीचा बाजार आहे. तेथे तंत्रशिक्षण, साठवणूक, वेळेवर कर्ज आणि भरवशाची वीज मिळाली, तर पूरक धंदे भोवती जमू लागतील. यास एखादे वर्ष पुरणार नाही, पिढी लागेल.

तिसरे कर्तव्य शहराचे. येणाऱ्या कुटुंबाला परवडणारे भाड्याचे घर, दवाखाना आणि मुलांना समजणाऱ्या भाषेत शाळा मिळाली, तरच त्या कुटुंबाची पुढची पिढी शहराच्या वाढीत बरोबरीची वाटेकरी होते. साठ वर्षे मराठीतून शिकवणाऱ्या या शाळेने त्या धोरणाचा एक भाग गाजावाजा न करता पार पाडला आहे. गाव सोडावे की राहावे, हे पोटाच्या सक्तीऐवजी मनाच्या इच्छेने ठरावे, एवढे जरी प्रादेशिक धोरणाने साधले तरी ते सफल म्हणता येईल.