वाण नको, लेखी उत्तर द्या

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेताच्या बांधावर मोबाइल लावून बसल्या असाल. आज मी तुम्हाला मुंबईतली गोष्ट सांगणार आहे. पण ऐकताना आपलं गाव डोळ्यांपुढे ठेवा, कारण शेवटी मला तिथंच यायचं आहे.

माझ्या थोरल्या नणंद लालबागला चाळीत राहतात. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. आपल्या पाटण, जावळी, खटाव भागातली किती माणसं गिरणीत कामाला गेली, हे तुम्हाला सांगायला नको. आक्कांचे मालकही गिरणीतच होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, घरात पगार येईना, तेव्हा आक्कांनी दहा बाय बाराच्या खोलीत डबे करून संसार चालवला. त्याच डब्यांवर मुलं शिकली. अशा या आक्का.

यंदा जानेवारीत आक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सुनेला नोकरी, म्हणून त्यांच्याजवळ राहायला मी गेले. तीन आठवडे राहिले. आणि नेमकी तेव्हाच मुंबई महापालिकेची निवडणूक आली. मतदान होतं गुरुवारी, १५ जानेवारी २०२६ ला. आदल्या दिवशी संक्रांत.

ही निवडणूक समजून घ्या. मुंबईचे २२७ प्रभाग आहेत. एका प्रभागातून एक नगरसेवक. आपल्या राज्यात २०११ पासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, त्यामुळे २२७ पैकी ११४ जागा बायकांच्या. याआधीची निवडणूक झाली होती फेब्रुवारी २०१७ मध्ये. त्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढे जवळजवळ चार वर्षं निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकाच्या हातात. आपल्या जिल्हा परिषदेतही असंच होतं, आठवतं ना? म्हणजे नळाला पाणी आलं नाही, गटार तुंबलं, तर जाऊन विचारायला आपण निवडून दिलेलं माणूसच नाही. आणि ही महापालिका साधी नाही बरं का. तिचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं.

आक्का म्हणायच्या, "चार वर्षं दारात कुणी उभं राहिलं नाही. आता दाराला कडी लावायला उसंत नाही."

खरंच तसं होतं. संध्याकाळी सात वाजले की ढोल-ताशा वाजायचा. उमेदवार पुढे, मागे झेंडे घेतलेल्या बायका. चाळीच्या गॅलरीत प्रत्येक दारात निरांजन लावून औक्षण. उमेदवार वाकून म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, "आशीर्वाद असू द्या" म्हणायचा आणि पुढच्या दाराकडे जायचा. एका दारात अर्धा मिनिटसुद्धा नाही. मी नवखी, मला गंमत वाटली. पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की औक्षण आपण करतो, तबक आपलं, तेल आपलं, आणि बोलतो मात्र तोच.

झेंडे घेतलेल्या बायकांमध्ये आक्कांची एक शेजारीण होती. एके दिवशी एका पक्षाबरोबर, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. दिवसाचे पैसे मिळायचे. तिला मी नावं ठेवणार नाही. तिचा नवरा घरी बसलेला, आणि धुण्याभांड्यांच्या एका कामापेक्षा तिथं बरे पैसे सुटत होते.

मग आमंत्रणं सुरू झाली. कुठं महिला मेळावा, कुठं खेळ पैठणीचा, कुठं संक्रांतीच्या आधीच हळदीकुंकू. वाण म्हणून स्टीलचा डबा. आमच्या मजल्यावरही एक मुलगी आमंत्रण द्यायला आली. आक्कांच्या डोळ्याला हिरवी पट्टी, त्या कॉटवर बसलेल्या. त्यांनी विचारलं, "बाळ, डबा कितीचा गं?" ती म्हणाली, "आजी, दीडशेचा तरी असेल." आक्का म्हणाल्या, "पाच वर्षांनी भाग, मग सांग मला, दिवसाला किती पैसे पडले."

मैत्रिणींनो, मी घरी येऊन हिशेब केला. दहा पैसेसुद्धा पडत नाहीत.

आणि हेही ध्यानात ठेवा, मतासाठी वस्तू किंवा पैसे देणं कायद्यानं गुन्हा आहे, तसं मतासाठी ते घेणंही गुन्हाच आहे.

त्या चाळीत बायकांची भिशी आहे, आपल्या बचत गटासारखीच. सतराजणी. त्या रात्री जेवणं झाल्यावर त्या आक्कांच्या दारासमोर गॅलरीत बसल्या. कुणी म्हणालं, वाण घेऊ आणि मत हवं त्याला देऊ. कुणी म्हणालं, यंदा मतदानालाच जायचं नाही. आक्का म्हणाल्या, "माझी सासू १९७२ साली लाटणं घेऊन मोर्चाला गेली होती. तुम्ही दारात आलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायला घाबरता?"

तो लाटणं मोर्चा तुमच्यातल्या वयस्कर बायकांना आठवत असेल. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचा. तेल, साखर, रॉकेल मिळेना, म्हणून मुंबईच्या चाळीचाळींतून बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. पुढे मृणाल गोरे होत्या, अहिल्या रांगणेकर होत्या. या दोघीही १९६१ साली महापालिकेत निवडून आल्या होत्या. त्याच्याही आधी, १९२३ साली, बायकांना मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहता येऊ लागलं, आणि गिरगावात हिंद महिला समाज काढणाऱ्या अवंतिकाबाई गोखले महापालिकेत गेल्या. म्हणजे नळ, गटार, दिवाबत्ती यांबद्दल बाईनं बोलणं हे काही आजचं नाही. शंभर वर्षं झाली त्याला.

तर गॅलरीतल्या बैठकीत ठरलं, एक कागद करायचा. जो उमेदवार येईल त्याच्यापुढे तोच कागद धरायचा, पक्ष कुठलाही असो. कागदावर तीनच प्रश्न. पहिला, पहाटे नळ आला की पंधरा-वीस मिनिटं वास मारणारं पाणी येतं, त्याचं काय करणार आणि किती महिन्यांत? दुसरा, मजल्याच्या टोकाच्या संडासांकडे रात्री उजेड नाही आणि दोन दारांना कडी नाही, तरण्या मुली एकट्या जात नाहीत, त्याचं काय करणार? तिसरा, निवडून आल्यावर महिन्यातून एकदा आम्हाला कुठं आणि किती वाजता भेटणार? खाली उत्तराला जागा, सही आणि तारीख.

आणखी एक नियम आक्कांनी घातला. कुणी कुणाला मत दिलं हे भिशीत विचारायचं नाही. सतराजणींत चार पक्षांची घरं होती. हा नियम नसता तर पहिल्याच रात्री भांडण झालं असतं.

पुढे काय झालं, तेही जसंच्या तसं सांगते. पहिल्या उमेदवारानं कागद खिशात घातला, म्हणाला, "निकालानंतर बसू." एका उमेदवाराचा कार्यकर्ता चिडला, "तुम्हाला कुणी शिकवलं हे?" आक्का म्हणाल्या, "डबे भरून शिकले." एका उमेदवारानं पहिले दोन प्रश्न सोडले आणि तिसऱ्याखाली सही केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता.

आणि एक बाई उमेदवार होती. तिनं चप्पल काढली, गॅलरीत सतरंजीवर बसली, कागद दोनदा वाचला. म्हणाली, "संडासाच्या दुरुस्तीचं वचन मी दिलं तर ते खोटं होईल. चाळ खासगी मालकाची आहे. अशा जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीचं काम म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असतं, महापालिकेकडे नाही. तिथला अर्ज लिहायला मी बसेन. पाण्याचं मात्र बघता येईल. आधी नमुना तपासून घेऊ, मग कळेल दोष रस्त्यावरच्या पाइपात आहे की तुमच्या आवारातल्या." तिनं तसंच लिहून दिलं आणि सही केली.

काही बायकांना ते आवडलं नाही. "ही तर सगळं नाहीच म्हणते." पण आम्हाला त्या रात्री पहिल्यांदा कळलं की कुठलं काम कुणाचं. चार वर्षं चाळ चुकीच्या दाराशी भांडत होती.

ती बाई निवडून आली नाही. तिसऱ्या प्रश्नाखाली सही केली होती तो आला.

मी गावी परतले. आक्कांशी फोनवर बोलणं होतं. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी नगरसेवक आले नाहीत. बायका कागद घेऊन त्यांच्या कार्यालयात गेल्या, त्यांचीच सही त्यांना दाखवली. मार्चच्या पहिल्या रविवारी आले, साडेअकराला. पाण्याचा नमुना नेला गेला. आवारातल्या जुन्या पाइपला गळती निघाली, गटाराला लागूनच. आता तो पाइप बदलायचा खर्च कुणी किती द्यायचा यावर चाळीत बैठका चालल्या आहेत. पाणी अजून उकळूनच प्यावं लागतं. दिव्याचं आणि कड्यांचं काम मात्र बायकांनी भिशीतून करून घेतलं. आक्का म्हणाल्या, "कडीसाठी किती दिवस पोरींना थांबवायचं? पण संडासाच्या दुरुस्तीचा अर्जही दिलाय. ते काम आम्ही अंगावर घेणार नाही."

आता आपल्या गावाकडे येते.

निघायच्या आदल्या रात्री आक्कांनी मला विचारलं, "तुमच्याकडे ग्रामसभा असते ना गं? बाईनं उठून सरपंचाला विचारायचं, असं काहीतरी?" मी म्हटलं, असते. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही नशीबवान. आम्हाला पाच वर्षांतून पंधरा दिवस मिळतात. यंदा तर नऊ वर्षांनी मिळाले."

मला उत्तर देता आलं नाही. कारण सांगते. आपल्याकडे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. तिथं आपण ठरवलेलं ग्रामसभेपुढे मांडावं लागतं. ग्रामसभेचा कोरम गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल ती. मी स्वतः गेल्या तीन वर्षांत एकाही महिला सभेला गेलेली नाही. पण वहीत माझ्या सह्या आहेत. वही घरी येते, आपण चुलीपुढून उठतो, ओला हात पदराला पुसतो आणि सही करतो. झाली महिला सभा. तुमच्याही सह्या आहेत, मला माहीत आहे, वहीत माझ्या वर-खाली तुमचीच नावं होती.

आणि तिकडे वरच्या वाडीला टाकीचं पाणी चढत नाही. तिथल्या बायका उन्हाळ्यात झऱ्यावरून दिवसाला आठ-आठ खेपा घालतात. सभा झाली असं आपण सहीनं सांगितलं, आणि त्या सभेत वरच्या वाडीच्या पाण्याचा विषय कुणी काढला नाही, हेही आपल्याच सहीनं सांगितलं.

आता १ मे येतोय. त्या दिवशीच्या ग्रामसभेआधी मी तीन गोष्टी करणार आहे. तुम्हीही करा. एक, महिला सभा कधी आणि कुठं आहे हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचं. गटातल्या दोघींनी मिळून जायचं, म्हणजे संकोच वाटत नाही. दोन, वही घरी आली तर सही करायची नाही. "सभेत येऊन करते" एवढंच सांगायचं, हसून सांगायचं, भांडायचं नाही. तीन, गटाच्या बैठकीत एक कागद करायचा. प्रश्न तीनच. कुठलं काम ग्रामपंचायतीचं, कुठलं पंचायत समितीचं, कुठलं जिल्हा परिषदेचं, हे आधी विचारून घ्यायचं. ठराव झाला की त्याची नक्कल मागायची आणि गटाच्या फाइलला लावून ठेवायची.

निवडणुकाही येतील. दारात माणसं येतील. औक्षण करा, आपली रीत आहे ती. पण तबकात निरांजनाशेजारी तो कागद ठेवा.

आमच्या गटाची बैठक येत्या मंगळवारी रात्री साडेआठला, देवळाच्या सभामंडपात आहे. वरच्या वाडीच्या बायकांना आवर्जून घेऊन या. त्यांना उशीर होतो, पाणी भरून यायचं असतं. आपण थांबू.