बोअरमधली रेघ वाचायला शिका
(भोर येथील बैठकीत केलेले भाषण)



आज भावाबद्दल बोलणार नाही. आज इंजिनाबद्दल बोलायचं आहे.

भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली जातं. धरणाच्या काठावर राहणाऱ्या आपल्या भोर-वेल्ह्याच्या माणसाला मात्र तेच पाणी वर उचलून घ्यावं लागतं. खाली जिरायत पट्ट्यात कपाशी-ज्वारीवाल्याची विहीर असते, तिथंही तेच. विजेची मोटर आली, पण वीज नसते तेव्हा डिझेल इंजिनच कामाला येतं. साताऱ्याला कूपरच्या कारखान्यात इंजिनं बनत होती, 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात निघाली. इंजिनं आपल्या दारात तयार झाली, पण ती उघडल्यावर आत काय बघायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही.

मी शेतकी पदवीधर. ज्वारीची मुळं किती खोल जातात हे मला कॉलेजात शिकवलं. सिलिंडर कसा झिजतो हे मात्र मी घरच्या विहिरीवर पैसे घालवून शिकलो. एका रब्बीत ज्वारी पोटरीत होती, एका पाण्याची गरज होती. इंजिन धूर टाकू लागलं, ओढेना. मिस्त्रीनं हेड उघडलं, आत बोट दाखवलं आणि म्हणाला, "बोअरला रेघा पडल्यात. लायनर-पिस्टन बदला." मी बदललं. पुढच्या वर्षी परत तोच धूर, परत त्याच रेघा. तेव्हा एक म्हातारा फिटर आला. त्यानं हेडला हात लावला नाही. म्हणाला, "आधी एअर क्लीनर दाखव." क्लीनरच्या वाटीत तेलाचा थेंब नव्हता, नुसता चिखल होता. दोन्ही लायनर रस्त्याच्या धुळीनं खाल्ले होते. पहिल्याच वेळी कारण बघितलं असतं, तर एक लायनर वाचला असता. ती ज्वारी तर पोटरीतच वाळली.

म्हणून सांगतो, रेघ म्हणजे रोग नव्हे, रोगाची खूण आहे. पानावरचा डाग बघून आपण आधी विचारतो, करपा की तुडतुडा? तसंच इथं विचारा.

पाच घोड्यांच्या ए.व्ही.-1 इंजिनाचा बोअर 80 मिलिमीटर, स्ट्रोक 110, फेरे मिनिटाला 1500. हिशेब करा. दहा तासांत पिस्टन जवळजवळ 200 किलोमीटर घासत जातो. पुण्याहून नाशिकला गेल्यासारखं. मधे असतो फक्त तेलाचा पातळ पापुद्रा.

आता खुणा ओळखू. बोअर पुसून उजेडात बघा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा दिसल्या, तर घाबरू नका. त्या कारखान्यात मुद्दाम मारलेल्या असतात, त्यांत तेल टिकतं. त्या पुसून बोअर काचेसारखा चकाकत असेल, तर तेल टिकत नाही आणि नव्या रिंगाही नीट बसत नाहीत.

उभ्या बारीक रेघा चहूबाजूंनी असतील, तर धूळ किंवा घाण तेल. पिस्टनची चांदीसारखी धातू भिंतीला चिकटली असेल, तर इंजिन तापून धरलं होतं. पाणी कमी पडलं, तेल संपलं, किंवा नवं इंजिन पहिल्याच दिवशी पूर्ण लोडवर चालवलं. एका बाजूला तेल धुतल्यासारखा पट्टा असेल, तर नोझल बघा. ते डिझेलचा फवारा न मारता धार सोडत असेल. पिस्टनपिनच्या बाजूला एकच खोल चर असेल, तर पिनची सर्क्लिप सुटली आहे. आणि पावसाळाभर बंद पडलेल्या इंजिनात तांबूस खड्डे दिसले, तर तो गंज.

दुसरी पायरी नखाची. नख रेघेवर आडवं फिरवा. नख अडकलं नाही, तर नुसती रेघ आहे म्हणून लायनर फेकू नका. नख अडकलं, तर मात्र माप घेतलंच पाहिजे.

माप कसं घ्यायचं? वर्कशॉपमध्ये बोअर गेज असतो. वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, अशी सहा मापं कागदावर लिहून मागा. गेज नसेल तर फीलर गेजची पट्टी पुरे. एक रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टननं ढकलून सरळ बसवा. अगदी खाली, जिथं रिंगा पोचत नाहीत, तिथं तिच्या तोंडाची फट मोजा. मग तीच रिंग वर, जिथं झीज सर्वांत जास्त, तिथं मोजा. समजा खाली 0.30 आणि वर 1.20 मिलिमीटर आली. फरक 0.90. त्याला 3.14 नं भागा. बोअर वर सुमारे 0.29 मिलिमीटरनं मोठा झाला. आता इंजिनाच्या पुस्तकातली मर्यादा काढा आणि ताडून बघा. मिस्त्री काय म्हणतो ते ऐका, पण निर्णय आकड्यावर घ्या. कापूस मोजून देतो, मग लायनर न मोजता का बदलायचा?

माप मर्यादेत आणि रेघा उथळ असतील, तर हॉन मारून नव्या रिंगा चालतात. चिकटलेली धातू आधी अलगद काढून घ्यायची. एमरी पेपर वरखाली घासू नका, रेघा तिरप्याच यायला हव्यात. माप मर्यादेबाहेर गेलं किंवा चर खोल असेल, तर लायनर बदला. लायनर नसलेला ब्लॉक असेल, तर बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन टाका.

आणि जिथं निम्मी कामं बिघडतात ती गोष्ट नीट ऐका. हॉन मारल्यावर बोअर नुसता डिझेलनं धुऊ नका, दगडाची भुकटी आत राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रशनं धुवा. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवा. लगेच कोरडं करून तेल लावा. रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका. सुरुवातीला हलका लोड द्या, हळूहळू वाढवा, आणि पहिलं तेल लवकर बदला.

शेवटी तीन गोष्टी. प्रत्येक गावात एक फीलर गेज विकत घ्या, मिळून घेतला तर कुणालाच जड नाही. दुरुस्तीला इंजिन दिलं की मापं, पावती आणि जुना भाग मागून घ्या. आणि इंजिन उघडण्याआधी एअर क्लीनरची वाटी बघा. आज घरी गेल्यावर सगळ्यात आधी तेच काम करा. पाण्याची पाळी आल्यावर इंजिन उघडायला वेळ नसतो, पीक वाट बघत नाही.