नुकसान कोणाचं मोजलं जातं?

आज कोर्टकचेरी आणि पैशाचा हिशेब यांबद्दल बोलूया. हिशेबात बचत गटाच्या बाया कोणाला ऐकत नाहीत. तोच हिशेब न्याय मिळवायला कसा उपयोगी पडतो, हे आपल्या डहाणूच्याच गोष्टीतून पाहू.

डहाणूच्या खाडीकाठी १९९५च्या सुमारास ५०० मेगावॉटचं वीज केंद्र सुरू झालं. तिथे कोळसा जळतो आणि त्यातल्या गंधकाचा वायू धुरातून बाहेर पडतो. हा वायू अडवणारं यंत्र महाग असतं. ते बसवलं नाही, तर कंपनीचा खर्च वाचतो. पण तो खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या दारात जाऊन पडतो. कोणाची बाग पडते, कोणाच्या पोराला खोकला लागतो, दवाखान्याचे पैसे घरातून जातात. विजेच्या बिलात यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

म्हणून कायदा सांगतो की ज्याने घाण केली, त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च करायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे तत्त्व स्पष्टपणे मान्य केलं. डहाणू तालुका तर केंद्र सरकारने १९९१ मध्येच पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला होता. न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते.

प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्र बसवायला सांगितलं. तरी वर्षांमागून वर्षं गेली. उशीर फुकट असला की उशीर होतच राहतो. आपल्या गटात हप्ता चुकला तर दंड का लावतो? त्याचसाठी. २००५ मध्ये प्राधिकरणाने कंपनीकडे ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. म्हणजे काम केलं नाही, तर पैसे जातील. इकडे लोकांचा पाठपुरावाही चालूच होता. २००७ मध्ये यंत्र सुरू झालं.

आता आपला प्रश्न. बागेचं नुकसान झालं, तर बागायतदार सातबारा दाखवतो. पण त्याच बागेत चिकू तोडायला जाणाऱ्या बाईचे रोज बुडाले, तर ती काय दाखवणार? बोंबील सुकवणारी, गवत कापायला जाणारी काय दाखवणार? कागद नाही म्हणून तिचं नुकसान हिशेबातच येत नाही.

कायद्याने मात्र तिला मोजलं आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त जमीनमालक नाही. संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात काम करून ज्यांचं पोट मुख्यतः त्यावरच चालतं, असे शेतमजूर आणि कुळंही त्यात येतात. जंगलावर, पाण्यावर जगणारे आणि मासेमारी करणारेही येतात. आपल्या भागात रस्ते, रेल्वे, बंदर यांसाठी जमिनीची मोजणी होते, तेव्हा हे लक्षात असू द्या.

पण तीन वर्षांचं काम सिद्ध कसं करणार? म्हणून गटाच्या वहीत एक पान वाढवा. तारीख, काम कोणतं, कुठे केलं, मजुरी किती मिळाली, एवढंच लिहा. समजा, एका बाईचे ४० रोज बुडाले आणि मजुरी ३०० रुपये होती, तर नुकसान १२,००० रुपयांचं झालं. "लय नुकसान झालं" म्हणण्यापेक्षा हा आकडा जनसुनावणीत जास्त बोलतो. नुसत्या वहीने निकाल लागत नाही, पण वकिलाच्या हाती काहीतरी येतं. आणि वकिलाच्या फीची काळजी नको. बाईचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

ज्या बाईला लिहिता येत नाही, तिच्यासाठी शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावं. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पहिलं पान भरा.