घराची राखण : स्वतः बसवावयाच्या यंत्रांची निवड

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वानांची व्याख्याने होतात. यंदा कार्यकारिणीने मला बोलावयाची आज्ञा केली ती माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे, तर माझ्या घरी चोरी झाली म्हणून, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. विजेच्या खात्यात माझी हयात गेली. तारा, घंटा, बॅटऱ्या यांच्याशी परिचय जुना. त्यामुळे घराच्या बंदोबस्तासाठी कोणाला बोलावण्याची मला गरज नाही, असा एक अहंकार मनात होता. तो दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात उतरला.

पुतणीचे लग्न साताऱ्यास होते. आम्ही सहकुटुंब गेलो. निघण्यापूर्वी आठ दिवस मी एक कॅमेरा घरपोच मागविला, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात स्वतः बसविला आणि मोबाइलशी जोडून दिला. घरात काही हालचाल झाली तर मोबाइलवर संदेश यावयाचा. तो संदेश आला. दुपारी बारा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आला. त्या वेळी भटजी मंगलाष्टके म्हणत होते, मी अंतरपाटापाशी अक्षता घेऊन उभा होतो आणि मोबाइल आवाज बंद करून कोटाच्या आतल्या खिशात होता. पंगत उठल्यावर, तीनच्या सुमारास, मी तो पाहिला. लग्नासाठी लॉकरमधून काढलेल्या दागिन्यांपैकी जे पत्नीच्या अंगावर होते ते वाचले. कपाटात राहिले ते, म्हणजे माझ्या आईच्या पाटल्या, गेले.

चित्रे मात्र सुरेख आली होती. तोंडाला रुमाल बांधलेला एक इसम, बावीस मिनिटे, सर्व बाजूंनी. फौजदारांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारले, "यंत्राने वर्दी दिली ती कोणाला?" मी म्हणालो, "मला." ते म्हणाले, "आणि आपण साताऱ्यास."

आज मला जे सांगावयाचे आहे ते या प्रश्नोत्तरात जवळजवळ सगळे आले. बाजारात गेलो म्हणजे आपण विचारतो की याचे चित्र किती स्पष्ट, रात्री दिसते काय, किंमत काय. घंटा वाजल्यावर येणार कोण, हे विचारावयाचे राहते. आणि यंत्राची निवड या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर करावयाची असते.

ही कल्पना काही नवी नव्हे. १८५३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ऑगस्टस पोप यांनी विजेवर वाजणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की विजेचा मार्ग पुरा होई आणि घंटा वाजे. आज दाराच्या चौकटीवर चिकटविण्याची जी दोन लहान पांढरी ठोकळी मिळतात, त्यांतील एकात लोहचुंबक व दुसऱ्यात त्याला प्रतिसाद देणारी पातळ पत्ती असते. विचार तोच, तार तेवढी गेली. पण मला अधिक आदर वाटतो तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेविषयी. तिच्या व तिच्या पतीच्या कामाच्या वेळा अवेळीच्या. बाई कित्येकदा रात्री घरात एकटी. आणि त्या वस्तीत पोलीस लौकर येत नसत. तिने पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ साली एका योजनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत चित्र दाखविणारा पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय, दार दुरून उघडण्याची कळ, आणि मदतीस हाक मारण्याची एक निराळी कळ. ही शेवटची कळ ध्यानात घ्यावी. मी माझ्या दिवाणखान्यात कॅमेरा लावला; ती कळ माझ्या योजनेत नव्हती.

ज्या अमेरिकेत ही घंटा जन्मास आली तेथे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. तेथे घरमालकाने स्वतः बसवावयाचे संच पुष्कळ खपतात, आणि महिना ठराविक रक्कम भरली की त्यांची वर्दी एका देखरेख केंद्राकडे जाते; तेथील माणूस पोलिसांना कळवितो. परंतु खोट्या वर्द्या इतक्या झाल्या, शंभरात नव्वदांहून अधिक, की सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २००० सालापासून केवळ घंटेवर धावून जाणे बंद केले. कोणी तरी प्रत्यक्ष पाहून खात्री करावी, मग आम्ही येऊ, असा त्यांनी नियम केला. इतके करून अखेर माणूस लागलाच.

आता माझ्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगतो, कारण निवडीचा खरा अभ्यास मला तेथे घडला.

अक्का रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, यजमान गेल्यास सहा वर्षे झाली, मुलगा न्यू जर्सीत. घर जांभ्या दगडाचे, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे परसदार व विहीर. माझ्याकडील चोरीची वार्ता ऐकून भाचा अस्वस्थ झाला. त्याचा पहिला बेत असा की तेथूनच एक चांगला संच घेऊन यावे. मी त्याला थांबविले. तिकडचे देखरेख केंद्र कोकणातल्या गावी कोणाला पाठविणार? शिवाय तिकडील पुष्कळ संचांचे भाग एकमेकांशी ज्या रेडिओ कंप्रतेवर बोलतात, ती आपल्याकडे विनापरवाना वापरास मोकळी नाही. मग त्याचा दुसरा बेत आला : प्रत्येक खोलीत एक कॅमेरा. आई पडली-झडली तरी दिसेल, चोर आला तरी दिसेल.

यावर अक्का जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत सांगतो. "चोर वर्षातून एखादे वेळी येईल की न येईल. तुमचा डोळा रोज येणार. माझ्या माजघरात मला डोक्यावरचा पदर सोडून बसता आले पाहिजे."

सभ्य गृहस्थहो, मुलाची काळजी खरी होती आणि आईचा नकारही खरा होता. महिनाभर मायलेकांचे बोलणे हवापाण्यापलीकडे गेले नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली दिला, तो सरकारसंबंधी होता. आईच्या माजघरासंबंधी निर्णय आपणच द्यावयाचा असतो. मी मामा या नात्याने मध्ये पडलो आणि दोघांना एकच प्रश्न विचारला : रात्री दोन वाजता घंटा झाली तर कोण येईल? अक्का तात्काळ म्हणाली, शेजारचा गणपत आणि त्याचा मुलगा. पंचवीस पावलांवर घर आहे. भाचा विचारात पडला आणि म्हणाला, "मामा, तुमच्याकडे रात्रीचे दोन म्हणजे माझ्याकडे आदल्या दिवसाची दुपार. मी जागा असतो." या उत्तरांतून यंत्राची निवड आपोआप झाली.

आम्ही कॅमेऱ्यांचा संच घेतलाच नाही. घेतली ती एक मध्यवर्ती पेटी, पुढच्या व मागच्या दारास चुंबकाची ठोकळी, ओटीवर हालचाल ओळखणारा एक डोळा, मोठा भोंगा, आणि अक्काच्या उशाशी ठेवावयाची एक कळ. ती कळ चोरासाठी जितकी, तितकीच पाय घसरला तर हाक मारण्यासाठी. कॅमेरा एकच, तो बाहेर, आपल्याच अंगणाकडे तोंड केलेला. भोंगा घरात न लावता गणपतच्या घराकडील वळचणीखाली लावला, कारण त्याने चोराला घाबरविण्यापेक्षा गणपतला उठविणे अधिक महत्त्वाचे.

बसविताना ज्या अडचणी आल्या त्या माहितीपत्रकात नसतात. जांभ्याची भिंत दोन हात जाड. वाय-फायची लहर माजघरापलीकडे जाईना. म्हणून पेटी घराच्या मध्यास आणावी लागली. पावसात वीज जाते, आणि वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की मोबाइलवरील सगळी राखण बंद. यास्तव राउटरला स्वतंत्र लहान बॅटरी जोडली आणि पेटी अशी निवडली की जिला स्वतःची बॅटरी व सिम कार्ड आहे. इंटरनेट नसले तरी ती सरळ फोन लावते. येथेही एक खोच आहे. स्वस्त पेट्यांतील यंत्र पुष्कळदा जुन्या २जी पद्धतीचे असते, आणि काही कंपन्यांचे जाळे ४जी व त्यापुढचेच असते. गावात ज्या कंपनीची लहर चांगली, तिचे कार्ड पेटी स्वीकारते काय, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. पावसाळ्यात लाकडी दार फुगते आणि नीट मिटत नाही. मग चुंबक व पत्ती यांत अंतर पडून घंटा उगीच होते. ठोकळी बसविण्याआधी सुताराला बोलावून दार तासून घेतले. त्याच सुताराकडून कोयंड्याचे आखूड स्क्रू काढून लांब घातले व आतून आडवा अडसर बसविला. या कामास सर्वांत कमी खर्च आला आणि, माझे प्रामाणिक मत विचाराल तर, सर्वांत अधिक संरक्षण याच कामाने झाले. माझ्या घरचे कुलूप चोराने फोडलेच नव्हते. कोयंडा स्क्रूंसकट उपटून काढला होता.

हालचाल ओळखणारा डोळा उष्णता पाहतो, रूप नव्हे. उष्ण वस्तू त्याच्या नजरेच्या पट्ट्यांतून आडवी गेली की त्याला चटकन कळते. सरळ त्याच्या दिशेने येणारी वस्तू उशिरा कळते. म्हणून तो दारासमोर न लावता बाजूच्या भिंतीवर, पुरुषभर उंचीहून थोडा वर लावावा. उन्हाची तिरीप किंवा चूल त्याच्या नजरेत नसावी.

कॅमेरा घेणारांसाठी दोन शब्द थोडक्यात. चित्रे कॅमेऱ्यातल्याच कार्डावर साठत असतील तर चोर कॅमेऱ्यासह ती घेऊन जातो. दूरच्या साठ्यात ठेवावयाची तर दरमहा वर्गणी पडते, ती किमतीत धरावी. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रणालीने जगभरचे असंख्य कॅमेरे, केवळ मूळचे परवलीचे शब्द तसेच राहिले होते म्हणून, आपल्या ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. आपल्या केंद्र सरकारने २०२४ साली अशा कॅमेऱ्यांच्या सुरक्षा-चाचणीचा आदेश काढला व एप्रिल २०२५ पासून तो अंमलात आला. तेव्हा कॅमेरा घेताना त्याच्या नोंदणीची चौकशी करावी. आणि सदनिकांत राहणाऱ्या बंधूंनी आपला कॅमेरा समोरच्या बिऱ्हाडाच्या उंबरठ्यावर रोखू नये. ज्याने संकटात धावून यावयाचे त्यालाच आधी संशयित केल्यासारखे होते.

भाच्याकडे गणपतचा व गावच्या पोलीस ठाण्याचा पूर्ण क्रमांक लिहून ठेवला आहे. ११२ हा क्रमांक येथून लागतो, न्यू जर्सीतून आपल्या पोलिसांना लागत नाही, ही साधी गोष्ट आमच्याही उशिरा ध्यानात आली. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी अक्का भोंगा वाजवून पाहते. तो आवाज गणपतच्या नातवंडांच्या ओळखीचा झाला आहे.

गेल्या आषाढात मध्यरात्रीनंतर भोंगा झाला. गणपत काठी घेऊन आला, मुलगा विजेरी घेऊन आला, पलीकडच्या आळीतले आणखी दोघे आले. न्यू जर्सीतून फोन आला तेव्हा अक्का ओटीवर आली होती. शोधाअंती आढळले ते असे की त्या डोळ्याच्या काचेवरूनच एक पाल सरकत गेली होती. अक्काने सर्वांना चहा केला. मायलेक त्या रात्री तासभर बोलले, आणि दुसऱ्या दिवशी मी तो डोळा छपरापासून वीतभर खाली घेतला व भोवती चिकटपट्टी लावली.

जी मंडळी पुढील महिन्यांत लग्नकार्यासाठी घर बंद करून जाणार आहेत, त्यांच्यासाठी यांपैकी काही वस्तू मी शेजारच्या खोलीत टेबलावर मांडून ठेवल्या आहेत. भोजनोत्तर त्या जरूर हाताळून पाहाव्यात. भोंगा मात्र वामकुक्षी करणारांचा विचार करून वाजवावा.