खाडीकडे जाताना



मालवणास निघालेला पाहुणा खोलीचे भाडे विचारतो, मासे कोठे चांगले मिळतील ते विचारतो. तिथी मात्र कोणी विचारीत नाही. कर्लीच्या खाडीत जावयाचे असेल, तर पहिला प्रश्न तिथीचाच असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

कर्ली सह्याद्रीतून येते आणि देवबागेच्या टोकाशी समुद्राला मिळते. तेथे एका अंगास दर्या, दुसऱ्या अंगास नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. समुद्राची बाजू आज पर्यटकांनी गजबजली आहे. खाडीच्या वरच्या अंगाला मात्र अजून कांदळवन, चिखल आणि पाणी यांचेच राज्य आहे.

अमावास्या-पौर्णिमेला या किनाऱ्यावर भरती साधारण अकरा-बाराला पूर्ण होते आणि पुढे दर तिथीस पाऊण तासाने लांबते. खाडीत आत जावे तसा आणखी थोडा उशीर. गाबितांच्या घरी हा हिशोब बोटांवर होतो. होडीने जावयाचे तर एकादशी-द्वादशीची सकाळ धरावी. नऊच्या सुमारास पाणी भरलेले असते, भांगाचे दिवस नुकतेच सरत असल्याने ओढ बेताची असते आणि होडी तिवरांच्या जवळून जाते. पक्षी पाहावयाचे तर उलट द्वितीया-तृतीयेची सकाळ, ओहोटीची. चिखल उघडा पडला की बगळे, तुतवार चरावयास उतरतात. त्यांना पाहण्यास काठावर स्वस्थ बसणे पुरे.

चिखलात मात्र उतरू नये. तिवराची पेन्सिलीएवढी मुळे त्यातून वर येतात, ती झाडाच्या श्वासासाठी. त्यांच्याच आडोशाला मासळीची पिल्ले वाढतात. ओहोटीला बायका तिसऱ्या काढावयास येतात. आमची सहलीची वेळ ही त्यांची कामाची वेळ असते, हे विसरून कसे चालेल?

१९८७ साली मालवणचे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. पोटावर पाय येईल या भीतीने मच्छिमारांनी त्यास विरोध केला. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा ठरला. म्हणजे 'राखा' आणि 'या', अशा दोन्ही आज्ञा एकाच किनाऱ्याला! २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरविला. पण निकाल झाडांपाशी पहारा देत नाही.

कोणी म्हणतील, रस्ता करा, धक्का बांधा, म्हणजे लोक येतील. येतील खरे, पण ज्यासाठी यावयाचे तेच उरणार नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या स्त्रिया वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवितात. त्यास ना भिंत लागली, ना डांबर. पैसा गावात राहतो आणि झाड उभे राहिले तरच धंदा चालतो, हे त्या जाणतात. हीच वाट आम्हांस शहाणपणाची दिसते.

तेव्हा जाताना पंचांग पाहा, होडी गावातलीच घ्या, नेलेला कचरा परत आणा आणि नावाडी 'आता परतू या' म्हणाला, की वाद न घालता परता. पाणी त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते.